बर्फावरची शब्दवही : कॅल्गरीतील सहा दिवस

कराडजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवले. ‘आइस’ म्हणजे बर्फ आणि ‘स्नो’ म्हणजेही बर्फ, असे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो आणि एकाही विद्यार्थ्याने ‘गुरुजी, मग दोन शब्द कशाला?’ असे कधी विचारले नाही. विचारले असते तर मी निरुत्तर झालो असतो, कारण तोवर मी पाहिलेला बर्फ म्हणजे लग्नसराईत भुशात गुंडाळून येणारी लादी, रसवंतीतला चुरा आणि एखाद्या कडाक्याच्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठच्या गवतावर गोठलेले दव, एवढाच होता.

यंदा फेब्रुवारीत आम्ही दोघे मुलीकडे कॅनडातील कॅल्गरी शहरात तीन आठवडे राहून आलो. त्यातले सहा दिवस तिने आणि आमच्या दहा वर्षांच्या नातीने मला बर्फावर उतरवले. निघताना मी दोन रकानी वही बरोबर घेतली होती, अगदी माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचो तशी : उजवीकडे इंग्रजी शब्द, डावीकडे मराठी अर्थ. उजवा रकाना भरभर भरत गेला. डाव्या रकान्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिचे श्रेय बव्हंशी माझ्या पत्नीकडे जाते.

पहिला दिवस : फावडे आणि लाडू

प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही घडले नाही. सकाळी उठलो तेव्हा बाहेर उणे २१ अंश तापमान होते. दार उघडून पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ झाल्याची जाणीव झाली. असे काही होते हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते. रात्री पडलेला बर्फ घरासमोरच्या पदपथावरून चोवीस तासांच्या आत काढणे ही त्या शहरात घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यामुळे जावयाच्या हाती फावडे होते आणि मी हौसेने दुसरे उचलले. आपल्याकडच्या घमेल्यातल्या वाळूच्या अंदाजाने मी जोर लावला आणि फावडे जवळजवळ रिकामेच हवेत गेले, इतका तो बर्फ हलका होता.

नातीला खूश करावे म्हणून मी मूठभर बर्फ घेऊन गोळा करायला गेलो, तर तो बोटांतून पिठासारखा गळून पडला. “आजोबा, हा पॅकिंग स्नो नाहीये, पावडर आहे,” तिने मला समजावले. गोळा होणारा बर्फ वेगळा आणि न होणारा वेगळा, आणि दोन्हींना तिथल्या मुलांकडे स्वतंत्र नावे आहेत. मी वही काढली, उजवीकडे दोन्ही शब्द लिहिले आणि डावीकडे अडकलो. पत्नी शाल लपेटून दारात उभी होती. तिने चिमूटभर बर्फ बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, “अहो, पाक कमी पडलाय. लाडू वळायचे नाहीत याचे.” मी पावडरपुढे ‘पिठी’ लिहिले आणि पॅकिंग स्नोपुढे ‘लाडू वळण्याजोगा’. शास्त्र तेच सांगते : कडाक्याच्या थंडीत कणांवर पाण्याचा ओलावा उरत नाही, म्हणून ते एकमेकांना धरत नाहीत.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवावेत. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि थांबल्याबरोबर अंग गारठते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर आत, त्यावर उबेचा थर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा, असे तीन थर पुरतात. कानटोपीला तिथे ‘टूक’ म्हणतात. दुकानात ‘कॅप’ मागितली की उन्हाळी टोपी पुढे येते.

दुसरा दिवस : कड

शहराच्या पश्चिम टोकाला कॅनडा ऑलिंपिक पार्क आहे. १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्की-उड्या इथेच झाल्या आणि दोन्ही प्रकारांत शेवटचा येऊनही जगभर लाडका झालेला ब्रिटनचा एडी एडवर्ड्स इथूनच उडाला. त्याच ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार ‘स्लॅलम’ या वळणावळणांच्या स्की-शर्यतीत उतरल्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांची शर्यत मात्र इथे नव्हे, तर डोंगरांत आत, कॅनानास्किस भागातल्या नाकिस्काच्या उतारावर झाली होती. ‘स्लॅलम’ हा शब्द नॉर्वेजियन आहे, उतार आणि वाट अशा दोन शब्दांचा जोड. ‘स्की’, म्हणजे बुटाला जोडायची लांब पट्टी, हा शब्दही तिकडचाच, मूळ अर्थ लाकडाची फाक. इंग्रजी शिकायला निघालेल्या मला दुसऱ्याच दिवशी कळून चुकले की बर्फावरचे इंग्रजी फारसे इंग्रजांचे नाही.

स्की शिकणाऱ्या प्रौढ नवशिक्यांच्या वर्गात आम्ही पाच जण होतो : फिलिपिन्सहून आलेली एक परिचारिका, एक युक्रेनियन जोडपे, नायजेरियाचा एक विद्यार्थी आणि मी, वर्गातला सर्वांत वयस्कर. शिकवणारा मुलगा विशीतला होता. भाडेतत्त्वावर साहित्य घेताना माझ्या हातून एक घोटाळा झाला होता, तो इथेच कबूल करतो. अर्जात वजनाचा रकाना पौंडांचा होता आणि मी किलोचे ६८ त्यात लिहून मोकळा झालो. बूट स्कीला धरून ठेवणारी जी खिटी असते, तिला ‘बाइंडिंग’ म्हणतात. पडल्यावर पाय मुरगळू नये म्हणून ती ठराविक जोराला सुटते आणि तो जोर वजन, उंची, वय व कसब पाहून बसवतात. माझी खिटी ६८ पौंडांच्या पोरासाठी बसवली गेली, त्यामुळे नुसते वळायला गेलो तरी स्की पायातून निसटायची. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा एक स्की डावीकडे, एक उजवीकडे, काठ्या मागे आणि चष्मा पुढे, अशी माझी मांडणी झाली होती. शिक्षक हसून म्हणाला, “यार्ड सेल!” घरातले जुने सामान अंगणात मांडून विकतात त्याला तिथे यार्ड सेल म्हणतात, आणि पडून सामान विखुरणाऱ्या माणसालाही तोच शब्द लागू होतो. मग त्याने अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि खिटी नीट बसवून आणली.

तेव्हा सूचना अशी, की वजन कोणत्या मापात विचारले आहे ते दोनदा वाचावे. बुटाचे माप मात्र सरळ आहे, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. बूट घट्टच हवा. उभे राहिल्यावर बोटे टोकाला टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत. चष्म्याला दोरी बांधावी. आणि भारतातून निघण्यापूर्वी प्रवासविम्यातून असे खेळ वगळलेले नाहीत ना, हे तपासावे.

स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर केली की वेग कमी होतो. या स्थितीला जुन्या पुस्तकांत ‘स्नोप्लाउ’ म्हणजे बर्फाचा नांगर म्हटले आहे, पण उतारावर सगळे तिला ‘पिझ्झा’ म्हणतात, कारण आकार पिझ्झाच्या त्रिकोणी तुकड्याचा होतो; आणि स्की समांतर ठेवल्या की ‘फ्रेंच फ्राइज’. शेजारच्या उतारावरून माझी नात ओरडत होती, “आजोबा, पिझ्झा! मोठ्ठा पिझ्झा!” आणि साठी उलटलेला एक निवृत्त शिक्षक त्या हुकमाबरहुकूम पाय फाकवत होता.

उतार चढताना स्कीचे ठसे तिरके उमटवत जायचे असते, त्याला ‘हेरिंगबोन’ म्हणतात. तो शब्द मला सुटेना. फिलिपिनो परिचारिकेने काठीच्या टोकाने बर्फात एक सरळ रेघ ओढली, तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा काढल्या, एका टोकाला डोळा काढला आणि म्हणाली, “फिश. यू ईट, धिस लेफ्ट.” बशीत उरलेला माशाचा सांगाडा! तिचे व्याकरण तपासावे असे मला त्या क्षणी मुळीच वाटले नाही.

त्या दिवसाचा खरा शब्द मात्र ‘एज’ हा होता. टेबलाची कड, नदीचा काठ, सुरीची धार, असे त्याचे अर्थ मी वर्षानुवर्षे पाठ करून घेतले होते. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कड असते. गुडघा किंचित आत झुकवला की ती बर्फात रुतते आणि तळपायाखालून एक बारीक ‘कर्रर’ ऐकू येते. तो आवाज आला की आपण वळतो. नाही आला तर घसरतो. दुपारपर्यंत शिक्षक नुसते “एज!” म्हणाला की माझा गुडघा डोक्याच्या आधी ऐकू लागला. ‘फॉल लाइन’ म्हणजे माणसे जिथे पडतात ती रेषा, अशी माझी समजूत होती. ती निघाली उतारावरून सोडलेला चेंडू ज्या वाटेने खाली जाईल ती. डाव्या रकान्यात मी ‘ओघळाची वाट’ लिहिले आहे, आणि हा अर्थ माझा स्वतःचा.

वरच्या कठीण उतारावर उंचवट्यांची रांग होती. त्यांना ‘मोगल’ म्हणतात हे ऐकून माझ्यातला सातारकर दचकला. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत. इथे आमच्या वाट्याला बर्फात मोगल आले. रात्री शब्दकोश उघडला, तर त्याचा दिल्लीशी काही संबंध नसून ऑस्ट्रियाकडच्या जर्मन बोलीत टेकाडाला जो शब्द आहे, त्यावरून तो आल्याचे दिसले. थोडी निराशाच झाली.

संध्याकाळी यंत्राने उतार विंचरून ठेवले. त्या बारीक समांतर रेघांना ‘कॉर्डुरॉय’ म्हणतात, त्या नावाच्या कापडावरून. पत्नीने कुंपणापाशी उभी राहून पाहिले आणि म्हणाली, “आमच्या अंगणात शेणानं सारवल्यावर बोटं उमटायची, तसंच आहे की.” मी काही न बोलता लिहून घेतले.

तिसरा दिवस : हॉकी, पण कोणती?

अंगातला प्रत्येक स्नायू आपापले नाव सांगत होता. तरी पहाटे पावणेसहाला नातीच्या हॉकीच्या सरावाला गेलो, कारण तिथे बर्फाचे मैदान याच वेळी मिळते आणि अर्धी झोपलेली आईबापे कॉफीचे पेले धरून बाकावर बसलेली असतात. शेजारच्या गृहस्थांना मी अभिमानाने सांगितले की हॉकीत भारताने आठ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आहेत. ते गोंधळले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला : “ओ, फील्ड हॉकी!” ज्या खेळाला आपण विशेषणाची गरज कधी मानली नाही, त्याला तिथे विशेषण लावावे लागते, आणि बर्फावरचा खेळ नुसता हॉकी.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाला तिथले दोन शब्द घरचे वाटतात. ‘हॅटट्रिक’ क्रिकेटकडून हॉकीत गेला आणि ‘पॉवरप्ले’ हॉकीकडून क्रिकेटमध्ये आला. हॉकीत एखाद्या खेळाडूला चुकीबद्दल दोन मिनिटे बाहेर पेटीत बसवतात आणि तेवढा वेळ समोरच्या संघात एक माणूस जास्त असतो, तो त्यांचा पॉवरप्ले. त्या ‘पेनल्टी बॉक्स’पुढे मी ‘वर्गाबाहेर उभे करणे’ असे लिहिले.

चौथा दिवस : हरी हार्ड

सकाळी पश्चिमेच्या आकाशात ढगांची एक लांबलचक कमान आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची पट्टी दिसत होती. मुलगी म्हणाली, “बाबा, आज चिनूक येणार.” पॅसिफिककडून येणारी दमट हवा रॉकी पर्वत चढताना पाऊस आणि हिम पश्चिमेलाच टाकते आणि पूर्वेकडे उतरताना कोरडी व उबदार होते. महाबळेश्वरला कोसळून माण-खटावला कोरडा पोहोचणारा वारा ज्याने पाहिला आहे, त्याला याहून अधिक समजावण्याची गरज नाही. आदल्या रात्री उणे १९ होते. दुपारी ६ अंश झाले. रस्त्यावरचा बर्फ वितळून तपकिरी काला झाला. त्याचे नाव ‘स्लश’. पत्नीचा अर्थ : ‘गोळा चोखून झाल्यावर पेल्यात उरतं ते’.

त्या दुपारी मुलीने आम्हा दोघांना कर्लिंगच्या एका क्लबात नवशिक्यांच्या सत्रासाठी नेले. हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा आणि कॅनडाने मनापासून आपला केलेला. जेमतेम २० किलोंच्या आत वजनाचा, मूठ असलेला ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवायचा आणि लांबच्या वर्तुळात थांबवायचा. ऑलिंपिकमधल्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या बेटावरून येतो. दगड सोडताना मूठ किंचित फिरवली की तो पुढे जाऊन वळण घेतो, म्हणून नाव कर्लिंग. बर्फ गुळगुळीत असेल असे मला वाटले होते. हात लावला तर खरखरीत. खेळाआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुटकुळ्या उठवतात आणि दगड त्यांच्या माथ्यावरून सरकतो.

इथे नवे शब्द फारसे नव्हते. सगळे जुने, पाचवीच्या पुस्तकातले, आणि एकही ओळखीने वागेना. ‘हाउस’ म्हणजे वर्तुळ, ‘बटन’ म्हणजे त्याचा मध्य, ‘गार्ड’ म्हणजे वाट अडवून बसलेला दगड, ‘हॅमर’ म्हणजे शेवटचा दगड टाकण्याचा हक्क. एका डावाला ‘एंड’ म्हणतात. त्यामुळे पंचांनी “पहिला एंड सुरू करू या” असे सांगितले, तेव्हा सुरुवात आणि शेवट एकदमच झाल्यासारखे वाटले. दोघी पुढे झाल्या, मी गुडघ्यांमुळे मागे राहिलो, पण वाकता न येणाऱ्यांसाठी मुठीत अडकवून ढकलायची एक लांब काठी असते. ज्येष्ठांनी ती संकोच न करता मागावी; तिच्यासाठी वेगळ्या स्पर्धासुद्धा होतात.

दगड निघाला की दोन सहकारी त्याच्यापुढे झाडू घासत धावतात. घर्षणाने बर्फाचा पृष्ठ किंचित तापतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. किती घासायचे हे कर्णधार पलीकडून ओरडून सांगतो. माझ्या हाती झाडू होता आणि पलीकडून एक सत्तरीच्या बाई गळा काढून ओरडत होत्या, “हरी! हरी! हरी हाऽऽर्ड!” घाई करा, जोर लावा, एवढाच त्याचा अर्थ. पण हातात झाडू, कानात हरी हरी, आणि समोर सरकणारा काळा पाषाण. मला गाडगेबाबांचीच आठवण झाली आणि हसू अनावर होऊन माझा झाडू दगडाला लागला. दगडाला झाडू लागला की तो ‘बर्न्ट’, म्हणजे जळका, होऊन बाद ठरतो. मुलीने कारण विचारले, तेव्हा मी ते मराठीत सांगितले. तिने त्या बाईंना इंग्रजीत सांगण्याचा बराच प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला. पत्नीचे म्हणणे एवढेच होते, की चाळीस वर्षांत मी केर काढताना ती प्रथमच पाहत आहे.

खेळाआधी आणि खेळानंतर सगळे एकमेकांशी हात मिळवून “गुड कर्लिंग” म्हणतात. मग जिंकणारे हरणाऱ्यांना पेय पाजतात. आम्ही हरलो होतो, म्हणून आमच्या वाट्याला फुकटचे हॉट चॉकलेट आले, आणि बाईंनी शेजारी बसून डाव कसा मोजतात ते बशीत साखरेच्या पुड्या मांडून समजावले : मध्याच्या सर्वांत जवळ ज्यांचा दगड, त्याच संघाला गुण.

पाचवा आणि सहावा दिवस : लेक लुईस

सुमारे १८० किलोमीटरवरचे लेक लुईस हे बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात येते. १८८५ साली स्थापन झालेले हे कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान. प्रवेशपास आधीच काढून ठेवावा. वाटेत महामार्गावरून वन्य प्राण्यांनी पलीकडे जावे म्हणून बांधलेले झाडाझुडपांचे पूल लागतात. सरोवराचे नाव व्हिक्टोरिया राणीची चौथी मुलगी लुईस हिच्यावरून पडले, आणि तिच्याच तिसऱ्या नावावरून प्रांताचे नाव अल्बर्टा.

हिवाळ्यात सरोवर गोठते आणि बर्फ झाडून केलेल्या मैदानावर लोक स्केटिंग करतात. मी ‘स्केटिंग ऑन थिन आइस’ हा वाक्प्रचार परीक्षेला विचारत असे. अर्थ, धोका पत्करणे. इथे पातळ म्हणजे किती, त्याचे आकडे आहेत : एकट्यादुकट्याने चालायला किंवा स्केटिंग करायला १५ सेंटिमीटर, जमावाने खेळायला २०. ‘ब्रेक द आइस’ म्हणजे अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करणे, असेही मी शिकवले होते. गोठलेल्या पाण्याच्या मधोमध उभे असताना तो वाक्प्रचार वापरावासा वाटला नाही.

स्केटच्या पात्याला मध्ये बारीक खाच असते, त्यामुळे एका पात्याला दोन धारा, आतली आणि बाहेरची; आणि त्यांनाही शब्द तोच, ‘एज’. आतल्या धारेवर जोर देऊन दुसरा पाय ढकलायचा, हे एका वृद्ध गृहस्थांनी मला स्वतः मागे चालत, माझे दोन्ही हात धरून शिकवले. त्यांची पत्नी आणि माझी पत्नी काठावर बसून गरम काहीतरी पीत होत्या. कोणत्या भाषेत बोलत होत्या ते दोघींनाच ठाऊक, पण अर्ध्या तासात दोघींनी एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवून संपवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक यायच्या आत आम्ही पुन्हा गेलो. तापमान रात्रीत घसरले होते. एकाएकी सरोवराच्या खोलातून लांब, घुमणारा आवाज आला, तार छेडल्यासारखा, आणि पायांखालून पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला. मी नातीचा हात घट्ट धरला. “काही नाही आजोबा, आइस गातोय,” ती म्हणाली. तापमान बदलले की जाड बर्फ फुगतो-आखडतो, त्याला तडे जातात आणि तो असा वाजतो. स्नो गात नाही, आइस गातो. पाचवीच्या त्या न विचारलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर वहीत आहे.

परतीच्या दिवशी विमान धावपट्टीकडे जाता जाता थांबले. उंच डोलाऱ्यावरून माणसे विमानाच्या पंखांवर वाफाळणारे नारिंगी द्रव्य फवारू लागली आणि त्यानंतर हिरवट. मी वही काढून वैमानिकाच्या घोषणेकडे कान लावला, तोवर पत्नीने खिडकीतून वाकून पाहिले आणि म्हणाली, “विमानाचं अभ्यंगस्नान चाललंय हो.” मी तो शब्द डावीकडे लिहिला, आणि ‘डी-आयसिंग’ उजवीकडे मागाहून.